नवी मुंबईत येणाऱ्या परदेशी विद्यापीठांच्या प्रमुखांस खुले पत्र : शिकवणार कोण आणि किती काळ?

प्रति,
नवी मुंबईत संकुल सुरू करू पाहणाऱ्या परदेशी विद्यापीठांचे प्रमुख, आणि
मा. प्रधान सचिव, उच्च व तंत्र शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय, महोदया,

जून २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या समारंभात पाच परदेशी शिक्षणसंस्थांना भारतात संकुल उभारण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठ, इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठ, युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतील इस्टिट्यूटो युरोपिओ दी डिझाइन ही ती पाच नावे. तेव्हापासून जमीन, नव्या विमानतळाची जवळीक, शुल्क आणि पदवीची मान्यता यांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचायला मिळाले. वर्गात उभे राहून शिकवणार कोण, ती व्यक्ती तिथे किती काळ राहणार आणि शेजारच्या खोलीत तोच विषय शिकवणाऱ्या स्थानिक सहकाऱ्याच्या तुलनेत तिच्या नेमणुकीच्या अटी काय असणार, याविषयी मात्र फारसे काही वाचनात आले नाही. विद्यार्थी परदेशी शिक्षकाकडे आणि स्थानिक शिक्षकाकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे मुख्यतः याच तीन गोष्टींवर ठरते असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी संख्याशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका आहे. महाराष्ट्रातील एका अनुदानित महाविद्यालयात काही वर्षे शिकवल्यानंतर मी ओमानमधील एका खासगी महाविद्यालयात गेले आणि निवृत्तीपर्यंतचा बहुतेक काळ तिथेच शिकवले. एका ठिकाणी मी इथली शिक्षिका होते, दुसऱ्या ठिकाणी बाहेरची. दोन्ही बाजूंनी विद्यार्थ्यांची नजर मला अनुभवता आली. त्या महाविद्यालयाचे नाव येथे घेत नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका संस्थेपुरते नाही.

ओमानचे उदाहरण आपल्याला का लागू पडते, हे आधी सांगायला हवे. १९७० मध्ये सुलतान काबूस सत्तेवर आले तेव्हा त्या संपूर्ण देशात आधुनिक पद्धतीच्या जेमतेम तीन शाळा होत्या आणि त्यांत फक्त मुलगे शिकत. पुढच्या दोन दशकांत डोंगरातल्या आणि वाळवंटातल्या गावांपर्यंत शाळा पोचल्या, आणि त्यांत शिकवण्यासाठी इजिप्त, सुदान, जॉर्डन अशा देशांतून शिक्षक आणावे लागले. मस्कतजवळ अल खूद येथे सुलतान काबूस विद्यापीठ १९८६ मध्ये सुरू झाले. नव्वदच्या दशकापासून ब्रिटनमधील आणि इतर देशांतील विद्यापीठांशी संलग्न अशी खासगी महाविद्यालये निघाली, आणि २०२० मध्ये सरकारी तंत्र महाविद्यालये व उपयोजित विज्ञान महाविद्यालये एकत्र करून एक मोठे विद्यापीठ स्थापन करण्यात आले. या सगळ्या विस्तारात शिकवणाऱ्यांचा मोठा भाग देशाबाहेरून आलेला राहिला, आणि त्याच वेळी नोकऱ्यांत ओमानी नागरिकांचे प्रमाण वाढवण्याचे सरकारी धोरणही चालू राहिले. परिणामी तिथल्या विद्यार्थ्याला एका सत्रात ब्रिटिश, भारतीय, इराकी, फिलिपिनो आणि ओमानी शिक्षक लाभणे ही रोजची गोष्ट असते. परदेशी विद्यापीठाची पदवी, इंग्रजी माध्यम आणि मिश्र शिक्षकवर्ग ही जी मांडणी नवी मुंबईत होऊ घातली आहे, तिच्यात तिथल्या दोन पिढ्या शिकून बाहेर पडल्या आहेत.

आमच्या महाविद्यालयात प्रत्येक सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांकडून शिक्षकाविषयीचा अभिप्राय संगणकावर भरून घेतला जाई. पाचपैकी गुण द्यायचे आणि खाली मोकळ्या जागेत वाटेल ते लिहायचे, अशी त्याची रचना होती. मी काही काळ विभागाच्या गुणवत्ता समितीवर असल्यामुळे नावे काढलेले हे अभिप्राय मोठ्या संख्येने वाचले आहेत. ब्रिटिश आणि आयरिश शिक्षकांविषयी 'इंग्रजी छान आहे', 'बोलणे ऐकावेसे वाटते' असे वारंवार येई, आणि त्याच्याच शेजारी 'पण काय सांगितले ते कळले नाही' हेही येई. दुसऱ्या वाक्यामुळे गुण कमी होत नसत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटली. भारतीय शिक्षकांविषयी 'तयारी करून येतात', 'टिपणे पूर्ण देतात', 'परीक्षेत काय येईल ते नीट सांगतात' अशी प्रशंसा असे, आणि तक्रार जवळजवळ नेहमी एकच, की फार वेगाने बोलतात. इजिप्शियन, इराकी आणि सुदानी शिक्षकांना भाषेचा फायदा मिळे, कारण अडले तर ते अरबीतून समजावत. तरीही विद्यार्थ्यांच्या लेखी ते परकेच होते, आणि कधी कधी 'हे सगळे अरबीतच शिकायचे तर इंग्रजी माध्यमाचे पैसे का भरावेत' असा सूर उमटे. ओमानी शिक्षकांविषयीचे अभिप्राय सर्वांत टोकाचे असत. 'हे आम्हाला ओळखतात', 'घरी अडचण आहे म्हटले की समजून घेतात' असे कोणी लिही, तर कोणी 'नवीन आहेत, अनुभव नाही' किंवा 'नात्यातल्या मुलांना गुण देतात' असे लिही. हा शेवटचा आरोप खरा होता असे माझ्या पाहण्यात कधी आले नाही, पण लहान देशात जिथे आडनावावरून गाव आणि जमात कळते, तिथे असा संशय घेणे सोपे असते. बाहेरच्या शिक्षकाला गावात नातेवाईक नाहीत, म्हणून त्याने दिलेले गुण निःपक्षपाती, हा विश्वास आम्हा परदेशी शिक्षकांच्या वाट्याला आयताच येत असे. महाराष्ट्रात संस्थाचालकांच्या शब्दावर अंतर्गत गुण वाढताना पाहिलेल्या विद्यार्थ्याला हा विश्वास का मोलाचा वाटेल, हे मी समजू शकते. परदेशी शिक्षकाचे महत्त्व मी नाकारत नाही, हे येथेच स्पष्ट करते.

स्थानिक शिक्षक नेमका काय देतो, याचे एक उदाहरण मला तपशिलाने सांगावेसे वाटते. पायाभूत अभ्यासक्रमाच्या वर्गात मी गुणोत्तर आणि भारित सरासरी हे घटक शिकवत असे. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे रेल्वेच्या तिकिटांची आणि सुपरमार्केटमधल्या खरेदीची होती, आणि ओमानमध्ये प्रवासी रेल्वे नाही. ओमानच्या अंतर्भागातल्या निझवाकडून आलेले माझे एक ओमानी सहकारी हाच घटक शेजारच्या वर्गात फलजच्या पाणीवाटपावरून शिकवत. फलज म्हणजे डोंगरातून उताराने वस्तीपर्यंत आणलेला पाण्याचा पाट. या पाटांपैकी पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पाण्यातला प्रत्येक कुटुंबाचा वाटा तिथे वेळेत मोजतात, आणि त्यासाठी अथर नावाचे साधारण अर्ध्या तासाचे माप आहे. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ही वेळ राखण्याची जुनी रीत आहे. माझे सहकारी फळ्यावर चार कुटुंबांचे अथर लिहीत, एका कुटुंबाने आपला काही वाटा विकला असे सांगत, आणि आता खजुराच्या बागेला दर आवर्तनात सरासरी किती पाणी मिळेल असे विचारत. ज्या मुलांच्या तोंडून माझ्या वर्गात शब्द फुटत नसे, ती मुले तिथे आपल्या आजोबांच्या वाट्याचे आकडे घेऊन वाद घालत. पुढच्या सत्रापासून त्या सहकाऱ्यांच्या परवानगीने मीही तेच उदाहरण वापरले आणि ते माझ्याही वर्गात चालले, जरी अरबी शब्दांचे उच्चार विद्यार्थ्यांना मला दोनदा सांगावे लागत. हे ज्ञान हस्तांतरित होऊ शकते, मात्र त्यासाठी दोन्ही शिक्षक एकाच विभागात, बरोबरीच्या नात्याने, पुरेसा काळ एकत्र बसलेले असावे लागतात.

याच विभागात दुसरे एक ओमानी प्राध्यापक होते. त्यांचे कुटुंब पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारमध्ये राहिलेले आणि तिथली अरब सुलतानशाही उलथवणाऱ्या १९६४ च्या क्रांतीनंतर तिथून बाहेर पडलेले होते. घरात स्वाहिली बोलली जाई आणि त्यांचे उच्चशिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. पारपत्र ओमानी, पोशाख ओमानी, पण त्यांची अरबी ऐकून अंतर्भागातल्या मुलांना ते आपले वाटत नसत, आणि फलजचे उदाहरण त्यांनाही माझ्याइतकेच अपरिचित होते. म्हणून 'स्थानिक' आणि 'परदेशी' असे दोनच कप्पे करून शिक्षकांची आकडेवारी मांडणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. नवी मुंबईच्या संकुलात लातूरहून किंवा गोंदियाहून मराठी माध्यमातून आलेली मुलगी बसली, तर दक्षिण मुंबईच्या इंग्रजी शाळेत वाढून परदेशात डॉक्टरेट केलेले भारतीय प्राध्यापक तिला स्थानिक वाटतीलच असे नाही. आपल्या अहवालात मात्र ते 'स्थानिक शिक्षक' या रकान्यात मोजले जातील.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. सत्र संपत आले की विद्यार्थी मला जो प्रश्न हमखास विचारत, तो 'पुढच्या वर्षी तुम्ही असाल का?' हा होता. हा प्रश्न ते ओमानी शिक्षकांना विचारत नसत. आम्हा परदेशी शिक्षकांचे करार बहुधा दोन वर्षांचे असत. आमचा निवासी परवाना नोकरीशी बांधलेला असे, आणि २०२१ च्या सुरुवातीपर्यंत तर एका मालकाची नोकरी सोडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी पहिल्या मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागत असे. हे सगळे विद्यार्थ्यांना ठाऊक होते. आमचा करार पुढे चालू राहणे त्यांनी भरलेल्या अभिप्रायाच्या गुणांशी जोडलेले आहे, हेही त्यांना ठाऊक होते. अशा व्यवस्थेत पन्नासपैकी अठरा गुण मिळालेला विद्यार्थी माझ्या खोलीत येऊन 'मिस, आम्ही सगळ्यांनी तुम्हाला चांगले गुण दिले होते' असे म्हणतो, तेव्हा तो उद्धट नसतो. संस्थेने त्याला जे शिकवले त्याच भाषेत तो बोलत असतो. मी उत्तरपत्रिका त्याच्यासमोर पुन्हा तपासली आणि अठराचे अठराच ठेवले. पण ज्याची मुले मस्कतमधल्या भारतीय शाळेत दहावीला आहेत आणि ज्याचा करार मेमध्ये संपतो, त्या सहकाऱ्याने काय केले असते हे विचारण्याचा अधिकार मला नाही. काहींनी गुण वाढवले, हे मी जाणते. त्यानंतर 'परदेशी शिक्षक गुण देण्यात उदार असतात' हे मत तयार झाले, आणि ते मत राष्ट्रीयत्वाविषयीचे म्हणून नोंदले गेले. वस्तुतः ते करारातल्या कलमाविषयीचे मत होते.

एका आयरिश सहकाऱ्याची गोष्टही याच संदर्भात महत्त्वाची आहे. कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर तत्काळ ठाऊक नसले, तर ते वर्गात सरळ 'मला माहीत नाही, आपण मिळून शोधू' असे म्हणत. पहिल्या सत्रात त्यांच्या अभिप्रायात 'यांना विषय येत नाही' असे अनेकांनी लिहिले. तिसऱ्या सत्रापर्यंत त्याच तुकडीतली मुले प्रकल्पाच्या विषयांसाठी त्यांच्याच खोलीबाहेर रांग लावू लागली होती, कारण न समजलेले विचारण्याची तिथे लाज वाटत नाही हे त्यांच्या ध्यानात आले होते. परदेशातून येणारा शिक्षक बरोबर आणतो ती सर्वांत मौल्यवान वस्तू हीच, शिकण्याची निराळी सवय. आणि ती रुजायला एका सत्रापेक्षा अधिक काळ लागतो. पहिल्या सत्राच्या गुणांवरून त्यांचा करार थांबवला असता, तर त्यांच्याविषयीचे खरे मत तयार होण्याआधीच ते परतले असते.

विद्यार्थ्यांच्या अशा मतांना मी कमी लेखत नाही, पण ते मत कशाचे मोजमाप आहे याचा अभ्यास झालेला आहे आणि आपल्या विद्यापीठांना तो अपरिचित नसावा. १९९२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठातील डोनाल्ड रुबिन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना व्याख्यानाची ध्वनिफीत ऐकवली, बोलणारी व्यक्ती अमेरिकन इंग्रजी मातृभाषा असलेली एकच. फक्त ऐकताना काही विद्यार्थ्यांसमोर गौरवर्णीय स्त्रीचे छायाचित्र होते आणि काहींसमोर आशियाई स्त्रीचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परकी ढब ऐकू आली, आणि त्यांचे आकलनही कमी भरले. दुसरा अभ्यास सिडनीतील एका मोठ्या विद्यापीठाचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. २०१० ते २०१६ या काळातील पाच लाखांहून अधिक अभिप्राय आणि तीन हजारांहून अधिक शिक्षक त्यात होते, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकांना, त्यातही स्त्रियांना, काही विद्याशाखांमध्ये कमी गुण मिळत असल्याचे त्यात दिसून आले. कॅनडात २०१८ मध्ये टोरोंटोच्या रायर्सन विद्यापीठाच्या प्रकरणात लवादाने निर्णय दिला, की शिक्षकाच्या बढतीसाठी किंवा कायम नेमणुकीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजायला विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांतील सरासरी गुण वापरता येणार नाहीत. संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून मी एवढीच भर घालीन, की वीस जणांच्या वर्गातून आठ जणांनी भरलेल्या अभिप्रायाची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत काढून त्यावरून एकाची नोकरी ठेवणे आणि दुसऱ्याची काढणे याला गणिताचा आधार नाही.

एकाच वर्गखोलीत दोन दर्जांचे शिक्षक ठेवण्याचा इतिहास आपल्या देशाला नवा नाही. १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये रुजू झालेल्या जगदीशचंद्र बोस यांना युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ करण्यात आले, आणि त्यांनी निषेध म्हणून तीन वर्षे वेतनच घेतले नाही. पुढे १८९६ मध्ये तर शिक्षणखात्याची रचनाच अशी झाली, की वरची सेवा इंग्लंडमधून भरायची आणि प्रांतिक सेवा इथल्या लोकांतून. विद्यार्थ्यांच्या मनातला क्रम मात्र नेहमी या वेतनश्रेणीप्रमाणे लागला असे नाही. १८७० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे केरूनाना छत्रे यांच्याविषयी लोकमान्य टिळकांना वाटणारा आदर सर्वश्रुत आहे. केरूनाना पाश्चात्त्य गणित आणि ज्योतिष जाणत होते आणि इथले पंचांगही जाणत होते. दोन परंपरांत पाय रोवून उभा असलेला असा शिक्षक मिळतो तेव्हा तो इथला की तिथला हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये परदेशी संस्थांच्या संकुलांविषयी जे विनियम काढले, त्यांत काही चांगल्या तरतुदी आहेत. शिक्षकांची पात्रता मूळ देशातील मुख्य संकुलाच्या बरोबरीची असावी, दूरस्थ पद्धतीने होणारी व्याख्याने अभ्यासक्रमाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, आणि येथे नेमलेल्या परदेशी शिक्षकाने किमान एक सत्र तरी भारतातील संकुलात राहावे, या त्या तरतुदी. यांतली शेवटची मला अपुरी वाटते. एका सत्रात शिक्षकाला मुलांची नावे पाठ होतात, बेलापूर ते पनवेलचा रस्ता कळतो आणि पहिला निकाल लागतो. त्यापुढे काही घडायच्या आत तो परतीच्या विमानात बसलेला असतो. वेतन आणि सेवाशर्ती ठरवण्याचे स्वातंत्र्य विनियमांनी संस्थांकडे ठेवले आहे, आणि माझी खरी काळजी तिथे आहे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत नेट-सेट उत्तीर्ण आणि पीएच. डी. झालेले शेकडो तरुण आज तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास घेतले तितके मानधन, तेही बहुधा उशिरा, सुट्टीच्या महिन्यांत काही नाही, आणि वर्षअखेरीस पुन्हा मुलाखत. प्राध्यापकांच्या खोलीत त्यांना स्वतःचे टेबल नसते, त्यामुळे शंका विचारायला आलेल्या विद्यार्थ्याला ते जिन्यात उभे राहून समजावतात. विद्यार्थी हे रोज पाहतात. 'सर पर्मनंट आहेत का?' हा आपल्याकडचा प्रश्न ओमानी मुलांच्या 'पुढच्या वर्षी असाल का?' या प्रश्नापेक्षा वेगळा नाही. आपली संकुले उभी राहतील तेव्हा स्थानिक शिक्षक याच तरुणांतून येतील. त्यांना 'सहायक' किंवा 'ट्यूटर' असे नाव देऊन, अल्प मुदतीच्या करारावर घेऊन, ट्यूटोरियल आणि उत्तरपत्रिका त्यांच्याकडे सोपवायच्या आणि व्याख्यान परदेशाहून आलेल्या पाहुण्या प्राध्यापकांनी द्यायचे, असा मोह होणे स्वाभाविक आहे, कारण ते स्वस्त पडते आणि माहितीपुस्तिकेत छायाचित्र चांगले दिसते. तसे झाले तर पहिल्याच वर्षी पालक म्हणतील, 'एवढी फी भरून शेवटी शिकवायला आपलेच मास्तर?' त्या वाक्यात त्या मास्तरांच्या ज्ञानाविषयी काहीही नसेल. संस्थेने त्यांना जिथे बसवले, तिथून पालकांनी त्यांची किंमत केलेली असेल.

म्हणून माझी विद्यापीठांना विनंती आहे, की समान पात्रतेच्या आणि समान कामाच्या शिक्षकांची मूळ वेतनश्रेणी पारपत्र न पाहता एकच ठेवावी. घर सोडून दूर आलेल्या शिक्षकाला घरभाडे, प्रवास, मुलांची शाळा यांसाठी वेगळा भत्ता द्यावा, त्याला कोणाची हरकत असणार नाही. पण तो भत्ता म्हणून दिसावा, दर्जा म्हणून नाही. परदेशी शिक्षकांची नेमणूक निदान दोन शैक्षणिक वर्षांसाठी करावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक अभ्यासक्रमाची आखणी व प्रश्नपत्रिका स्थानिक आणि परदेशी शिक्षकांनी मिळून करावी, जेणेकरून यॉर्कमध्ये तयार झालेल्या उदाहरणांच्या जागी जायकवाडीच्या आवर्तनाचे, लासलगावच्या कांद्याच्या भावाचे किंवा उपनगरी लोकलच्या गर्दीचे उदाहरण ठेवण्याचा अधिकार वर्गात उभ्या असलेल्या माणसाला राहील. विद्यार्थ्याला नीट समजावे म्हणून कोणी शिक्षक पाच मिनिटे मराठीत किंवा हिंदीत बोलला, तर ती शिस्तभंगाची बाब मानू नये. विद्यार्थ्यांचे अभिप्राय जरूर घ्यावेत, त्यांतले लिखित शब्द काळजीपूर्वक वाचावेत, पण करार चालू ठेवण्याचा निर्णय त्यांच्या सरासरीवर सोपवू नये. सहकाऱ्याने वर्गात बसून केलेले निरीक्षण आणि विद्यार्थ्यांच्या पुढच्या सत्रातील कामगिरी यांना त्याहून अधिक वजन द्यावे.

उच्च व तंत्र शिक्षण विभागास माझी मागणी याहून लहान आहे. शासन या प्रकल्पाचे यजमान आहे, आणि यजमानाला पाहुण्याकडे काही गोष्टी विचारता येतात. प्रत्येक संकुलाने प्रवेश सुरू होण्याआधी आपल्या माहितीपुस्तिकेत आणि संकेतस्थळावर प्रत्येक विषयापुढे तो कोण शिकवणार, त्या व्यक्तीची नेमणूक पूर्णवेळ आहे की तासांवर, आणि ती नवी मुंबईत किती महिने राहणार, हे छापावे, आणि सत्राच्या मध्येच शिक्षक बदलल्यास ते विद्यार्थ्यांना लेखी कळवावे, अशी अट जमीन व सुविधा देतानाच्या करारात घालावी. अशी अट घालण्यास नव्या कायद्याची गरज नाही. हे छापल्यावर शिक्षक इथला की बाहेरचा या तर्काच्या जागी विद्यार्थ्याच्या आणि पालकाच्या हाती माहिती येईल, आणि पुढच्या वर्षी तोच शिक्षक तिथे आहे की नाही हे त्यांना पडताळून पाहता येईल.

पहिल्या तुकडीचे प्रवेश होण्यापूर्वी या पत्राचा विचार व्हावा आणि विद्यापीठांनी आपले शिक्षकविषयक धोरण मराठीत व इंग्रजीत जाहीर करावे, ही विनंती.

कळावे,

आपली,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका